अत्यावश्यक बैठक

बुर्गी सून होऊन एंगेल्सब्रॉनला आली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि गावाच्या लेखी ती अजून पाहुणीच होती. तिचं माहेर स्टोपेलडोर्फ. ओढ्याच्या काठाकाठाने खाली चालत निघालं तर अर्ध्या तासात पोचता येतं, वाटेत बुटात खडा गेला तर पस्तीस मिनिटांत. पण अंतर पायांनी मोजायचं असतं हे एंगेल्सब्रॉनला कधी पटलंच नाही. एंगेल्सब्रॉनचे लोक सिस्टर्सियन संन्याशांच्या मठात राहतात आणि स्टोपेलडोर्फचे लोक नुसत्या घरांत राहतात. नाक वर करायला माणसाला एवढं पुरतं.

मठात राहतात हे अगदी शब्दशः घ्या. दोनशे वर्षांपूर्वी सरकारने मठ बंद केला, संन्याशांच्या हाती गाठोडी देऊन त्यांना वाटेला लावलं, आणि गावाने मठ आपसांत वाटून घेतला. चर्चमध्ये बार्लीचं कोठार झालं. भोजनशाळेत गाई बांधल्या. वरच्या मजल्यावर संन्याशांचं लांबच लांब शयनगृह होतं, त्यात आठ कुटुंबांनी भिंती घातल्या आणि त्या भिंतींवरून ती आठही कुटुंबं आजतागायत भांडताहेत. बुर्गीच्या सासरच्यांच्या वाट्याला उबेची खोली आली. या संन्याशांचे नियम फार कडक. खिडकीला रंगीत काच नको, भिंतीवर चित्र नको, चर्चला मनोरा नको, घंटेपुरतं छपरावर एक टोपडं घातलं की पुरे, आणि शेकोटी अख्ख्या मठात एकाच खोलीत. थंडीने बोटं आखडली की संन्याशाने तिथे यायचं, शेकायचं आणि मुकाट निघून जायचं. बुर्गी आता तिथे बटाट्याचे गोळे उकडायची. चूल पेटलेली दिसली की आठांपैकी कुणी ना कुणी चिमूटभर मीठ मागायच्या निमित्ताने येऊन टेकायचं, शेकायचं आणि मुकाट निघून जायचं. तेवढा एक नियम गावाने अजून पाळला होता.

गावाचा खरा अभिमान मात्र वेगळाच होता. शयनगृहाच्या टोकाला, थेट ओढ्यावर बांधलेली एक लांबट खोली आहे. भिंतीलगत दगडी बाक, बाकावर चोवीस आसनं, दोन आसनांच्या मध्ये एक उभा दगड, आणि प्रत्येक आसनामागे भिंतीत एक लहानसा कोनाडा. आसनाच्या मधोमध गोल भोक आणि त्यावर ओकच्या लाकडाचं झाकण.

मठ बंद झाला तेव्हा सरकारी कारकुनाने खोल्यांची यादी लॅटिनमध्ये केली होती. या खोलीपुढे त्याने 'नेसेसारियुम, आसनं चोवीस' एवढंच लिहिलं होतं. पुढे गावाला एक शाळामास्तर लाभले. त्यांचं लॅटिन त्यांच्या केसांच्या टोपासारखं होतं, उसनं आणि जरासं सरकलेलं. त्यांनी शब्दकोश उघडला. नेसेसारियुम म्हणजे आवश्यक. चोवीस आसनं, आणि तीही आवश्यक! मठाधिपती आणि त्याचे तेवीस वडीलधारे संन्यासी इथे बसून अत्यावश्यक कामकाज उरकत असणार, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. गावाने दारावर सोनेरी अक्षरांत कोरून घेतलं, 'अत्यावश्यक सभा'. तेव्हापासून गावातल्या चोवीस घराण्यांची तिथे चोवीस आसनं आहेत. दरवर्षी वीस ऑगस्टला, संत बेर्नहार्डच्या दिवशी, जो तो आपापली उशी घेऊन येतो, झाकणावर ठेवतो, आणि गावची बैठक बसते. बँडला नवा ढोल घ्यायचा की नाही, कुणाची बदकं कुणाच्या वाटाण्यात शिरली, सगळं तिथेच ठरतं. तिथे बसून घेतलेला निर्णय आजवर कुणी फिरवलेला नाही.

बुर्गी बावीस वर्षं दर शनिवारी पाहुण्यांना मठ दाखवायची. गावात जन्मलेल्या कुणालाही तिच्याइतका मठ पाठ नव्हता, आणि याचं श्रेय तिला कुणी दिलं नव्हतं. "ही भोकं कशाला?" असं पाहुणे हटकून विचारायचे. बुर्गी सांगायची, वादावादीत डोकी तापतात, म्हणून खालून ओढ्याची गार हवा यायला. मधले उभे दगड कशाला? शेजाऱ्याचं पाहून कुणी मत देऊ नये म्हणून. कोनाडे? कागदपत्रं ठेवायला. आणि सभा ओढ्यावरच का? पाण्याच्या आवाजात आतली गुप्त बोलणी बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून. हे तिला सासऱ्यांनी सांगितलेलं, सासऱ्यांना त्यांच्या वडिलांनी, आणि मूळ सगळं मास्तरांच्या डोक्यातलं. पाहुणे माना डोलवायचे. एकदा शाळेच्या सहलीतली एक मुलगी फिदीफिदी हसायला लागली होती, तर बुर्गीने तिला दंडाला धरून बाहेर उभं केलं होतं.

सतरावं आसन तिच्या नवऱ्याचं, हार्टलचं. तो जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. आणि नियम असा, की आसनावर गावात जन्मलेल्यानेच बसायचं. त्यामुळे आठ वर्षं बैठकीच्या दिवशी बुर्गी भिंतीशी उभी राहून सगळ्यांना आलुबुखाराचा केक वाटायची आणि रिकाम्या सतराकडे बघायचं नाही असं ठरवून बघायची. तिला ते आसन हवं होतं. स्वतःची लाज वाटावी इतकं हवं होतं. या वसंतात अखेर मतं पडली. बारा विरुद्ध अकरा. ठरलं की येत्या बेर्नहार्डच्या दिवशी बुर्गीने सतरावर बसायचं.

विरोधात सगळ्यात मोठा आवाज क्रेस्सेन्सचा. ही सरपंच ऑटमारची आई, वय एक्क्याण्णव, आसन तिसरं, माहेरच्या घराण्याचं.

"आज स्टोपेलडोर्फची सून बसवताय," ती म्हणाली, "उद्या स्टोपेलडोर्फची गाय आणून बसवा!"

बुर्गीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उशी शिवायला घेतली. निळी मखमल, कडेने वेलबुट्टी, मध्ये सोनेरी दोऱ्याने सतराचा आकडा.

उशीचे शेवटचे टाके पडत होते त्या मंगळवारी डॉक्टर फोइख्ट आली. जुन्या वास्तूंची नोंद करणारी सरकारी बाई, वय पस्तिशीचं, बुटांना चिखल आणि गळ्यात मोजपट्टी. ऑटमारने अर्ज केला होता की आमच्या सभागृहाची दखल घ्यावी, दारावर तांब्याची पाटी लावावी. बुर्गीने डॉक्टरबाईला सगळा मठ फिरवून दाखवला. बार्लीच्या पोत्यांमागे चर्चचे खांब भिंतीवर अर्ध्यातच थांबलेले बघून डॉक्टरबाई थबकली, तेव्हा बुर्गीच म्हणाली, "खाली संन्याशांची बाकं भिंतीला टेकायची, म्हणून खांब वरच कापलेत."

"अगदी बरोबर. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बाक लावून बघितलं."

डॉक्टरबाई तिच्याकडे वळून बघायला लागली. बुर्गीला फार बरं वाटलं.

मग चौकाच्या पूर्वेला आल्या. मधोमध कमानीचं दार, दोन्हीकडे दोन कमानीच्या खिडक्या.

"इथे काय आहे?"

"आमच्या सरपंचांची डुकरं."

डॉक्टरबाई आत गेली. चार नाजूक खांबांवर तोललेलं घुमटदार छत, तीन भिंतींना लागून दगडी पायरी, आणि पायरीवर ओळीने पहुडलेली नऊ डुकरं. तिने खूप वेळ छताकडे बघितलं.  जिना चढून दोघी वर आल्या. तिने दारावरची सोनेरी अक्षरं वाचली. चोवीस आसनं बघितली. पुढे होऊन एक झाकण उचललं आणि वाकून खाली बघितलं. खालून ओढ्याची खळखळ आली. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तिने स्वतःची मोजपट्टी दातांत धरली.

"बरं वाटत नाहीये का?" बुर्गीने विचारलं.

"बुर्गीबाई, ती खाली डुकरं आहेत ना, ते सभागृह आहे. मठाचं खरं सभागृह. मठाधिपती तिथे बसायचे."

"अगं बाई! मग हे?"

"संन्यासी झोपायचे कुठे?"

"इथेच, शेजारी."

"पहाटे उठून प्रार्थनेला जायचे. आणि त्याच्या आधी?"

बावीस वर्षांत हा प्रश्न बुर्गीला कुणी विचारला नव्हता. तिने शयनगृहाच्या दाराकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. खाली ओढा आपला वाहत होता.

"नाही हो," ती म्हणाली.

"होय हो."

"चोवीस?"

"एका वेळी. शिस्तीचे लोक."

"आणि तो शब्द? आवश्यक असा अर्थ आहे ना त्याचा?"

"आहेच की. याहून आवश्यक काय असतं?"

बुर्गी मटकन खाली बसली. कशावर बसलो ते ध्यानात येताच ताडकन उठली.

"कोनाडे," ती क्षीण आवाजात म्हणाली. "मी लोकांना सांगते कागदपत्रांसाठी."

"कागद नव्हता तेव्हा. शेवाळ ठेवायचे," डॉक्टरबाई म्हणाली. "पण तुमचा विचार योग्य दिशेने चालला होता."

मग डॉक्टरबाईने चेहरा सरळ केला. अहवालात जे आहे तेच लिहावं लागेल, म्हणाली. इतकं धड, इतकं पूर्ण आणि चोवीस आसनांचं शौचगृह तिने आयुष्यात बघितलं नव्हतं, हेही सांगितलं आणि त्यात कौतुकच होतं. रविवारच्या बैठकीला सरपंचांनी तिला बोलावलं होतं. "गावाला मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," बुर्गी म्हणाली. जीभ कधी कधी डोक्याला न विचारता बोलते.

घरी येऊन ती उशीसमोर बसली. सांगावं, तर गाव म्हणणार, बघा, स्टोपेलडोर्फची ती! आसन पदरात पडतं न पडतं तोच आमच्या सभेचा संडास केला. बारा मतांची दोन व्हायला वेळ लागणार नाही. न सांगावं, तर डॉक्टरबाई सांगेलच, आणि मग हिला माहीत होतं हेही कळेल. एक्केचाळीस वर्षं आपण वाट बघितली ती संडासात बसायला, हे एक दुःख. आणि आता तोही हातचा जाणार, हे दुसरं. दुसरंच जास्त खुपत होतं. त्याचं तिला हसू आलं, मग रडू आलं, मग तिने नाक पुसून बटाटे सोलायला घेतले.

बुधवारी सकाळी ती ऑटमारकडे गेली. तो डुकरांना भाषण म्हणून दाखवत होता. रविवारचं. डुकरं नीट ऐकत होती.

"ऑटमार, त्या वरच्या खोलीत संन्यासी नेमके कशाला बसायचे, माहीत आहे का तुला?"

"म्हणजे काय! कामाला."

"रोज बसायचे."

"निष्ठा!" ऑटमारने कानावरची पेन्सिल काढली. "थांब, हे भाषणात घेतो."

"पहाटे उठलं की आधी तिथे."

"आधी कर्तव्य."

"एकेकाला फार वेळ लागायचा."

"सखोल विचार," ऑटमार लिहीत होता.

"काही जण लगेच उठायचे."

"तडकाफडकी निकाल. आपला हार्टल तसाच होता."

"अरे, ते तिथे मोकळे व्हायचे!"

"मन मोकळं केल्याशिवाय सभा कसली, बुर्गी?"

"पोटातलं सगळं बाहेर टाकायचे रे!"

"तेच म्हणतो मी. पोटात एक आणि ओठांत एक, असलं त्यांच्यात नव्हतंच." ऑटमारने पेन्सिल खाली ठेवली. त्याचे डोळे पाणावले होते. "तू ओळखलंस गं त्यांना. आमच्याहून जास्त ओळखलंस. आणि आई म्हणते हिला आसन देऊ नका."

आता सरळ 'संडास' म्हणायचं, एवढंच काय ते उरलं होतं. शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण एक्केचाळीस वर्षांत 'आमच्याहून जास्त' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. बुर्गीने शब्द गिळला, डुकराच्या पाठीवर उगाच एक थाप मारली आणि परत आली. तिच्या भेटीतून एवढंच निष्पन्न झालं की भाषणात तीन परिच्छेद वाढले.

गुरुवारी ती सांगायला निघाली तेव्हा बँडची तालीम चालू होती. शुक्रवारी सगळे आपापल्या झाकणांना मेण घासत होते, आणि गावच्या बेकरने आपल्या नवव्या झाकणात चेहरा दिसतो का ते वाकून इतक्या मायेने बघितलं की तिचा धीरच झाला नाही. शनिवारी पाहुणे आले. "ही भोकं कशाला?" त्यांनी विचारलं. बुर्गी म्हणाली, "रविवारनंतर या," आणि त्यांना गाई दाखवायला घेऊन गेली.

रविवार उजाडला. सॉसेज भाजले जात होते, आंबवलेल्या कोबीचा वास जिन्यापर्यंत चढला होता, बिअरचं पिंप उघडलं होतं. रीत म्हणून स्टोपेलडोर्फचे तीन पाहुणे बोलावले होते. पाहुण्यांनी दारात उभं राहायचं, बसायचं नाही. त्यांच्यात बुर्गीचा धाकटा भाऊ क्साव्हर होता. त्याच्या कोबीला दरवर्षी जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळायचं आणि तो तसं दरवर्षी सांगायचा. डॉक्टरबाईही दारापाशीच उभी होती. तिने डोळ्यांनी बुर्गीला विचारलं, सांगितलं का? बुर्गीने छताकडे बघितलं.

तेवीस माणसं तेवीस उशांवर बसली. मग ऑटमार पहिल्या आसनावरून उठून उभा राहिला आणि त्याने कागद उलगडला.

"बंधुभगिनींनो! याच आसनांवर बसून त्या थोर संन्याशांनी सहाशे वर्षं जोर लावला."

डॉक्टरबाईने रुमाल काढला.

"हिवाळा असो, उन्हाळा असो, ते बसले. कुणी बराच वेळ बसले, कुणी लगेच उठले, पण जो आला तो मोकळा होऊनच गेला. पोटात त्यांनी काही ठेवलं नाही! आणि इथे त्यांनी जे सोडलं, ते का वाया गेलं? नाही! ते या ओढ्यासारखं वाहत वाहत खालच्या गावांपर्यंत पोचलं."

डॉक्टरबाई खोकत खोकत जिन्यात गेली. स्टोपेलडोर्फच्या पाहुण्यांनी मान लववून आभार मानले.

"आणि म्हणून आज," ऑटमार म्हणाला, "सतरावं आसन आपण बुर्गीला देत आहोत. ये, बुर्गी."

बुर्गी उशी घेऊन पुढे झाली. पंधरा पावलं. सतराचं झाकण कुणीतरी मेणाने चकचकीत केलं होतं, तिच्यासाठी. नुसतं बसायचं होतं. बसल्यावर सांगता आलं असतं. बसल्यावर उठवणार कोण? पण तिच्या डोळ्यांपुढे ती सहलीतली मुलगी आली, दंड चोळत बाहेर उभी असलेली. ती एकटी खरी हसली होती.

"ऑटमार, बसायच्या आधी मला बोलायचंय."

"बोल ना."

"ही सभा नाहीये. हा संडास आहे."

खालून ओढ्याची खळखळ आली. एरवी कुणाच्या लक्षात यायची नाही, आता चोवीस भोकांतून आली.

"म्हणजे?" ऑटमार म्हणाला.

"म्हणजे संडास. संन्याशांचा. नेसेसारियुम म्हणजे तेच. मास्तरांना शब्द कळला, गरज कळली नाही. भोकं त्याच्यासाठी, ओढा त्याच्यासाठी, कोनाडे... कोनाड्यांचं विचारूच नका. खरी सभा खाली आहे, तुझी डुकरं आहेत ना तिथे. मला मंगळवारपासून माहीत होतं. सांगायला आले होते तुझ्याकडे. तू लिहून घेतलंस."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. डॉक्टरबाई परत आली होती. तिने गंभीरपणे मान हलवली. "बाराव्या शतकातलं आहे," ती म्हणाली. "इतकं सुरेख मी कुठे बघितलं नाही." तिला वाटलं, त्याने धीर येईल.

आधी बेकर उठला. त्याने आपली उशी छातीशी धरली, मग हुंगली, मग हात लांब करून धरली. मग सगळेच उठले. चोवीस घराण्यांची अब्रू दोन सेकंदांत उभी राहिली.

"स्टोपेलडोर्फची ती!" कुणीतरी म्हणालं. "सांगत होतो, देऊ नका!"

"बैठक खालच्या खऱ्या सभेत न्यायची," कुणीतरी सुचवलं.

"मग माझी डुकरं कुठे जातील?" ऑटमार ओरडला.

"त्यांना आणा वर!"

"ते काही नाही," बेकर म्हणाला. "आसनं बरखास्त करा. आजपासून कुणाचंच आसन नाही. विषय संपला."

आणि दारातून हसू फुटलं. क्साव्हर मांडीवर थापा मारत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दोनशे वर्षं! दोनशे वर्षं हे लोक संडासात बसून आम्हाला खालचे म्हणतात! देवा रे! मी आता मेलो तरी चालेल!"

बुर्गी सतरासमोर उशी धरून उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बरखास्त, असं तो बेकर म्हणाला होता. पाव बरखास्त केल्यासारखं. तिला राग आला, असा राग की तिलाच नवल वाटलं.

"बरखास्त करणारे तुम्ही कोण?" ती म्हणाली. आवाज मोठा होता, खोलीत घुमला. "माझा हार्टल इथे तीस वर्षं बसला. चांगला बसला. मी केक घेऊन त्या भिंतीशी उभी राहिले, सगळ्यांना वाढलं, आणि घरी जाऊन एकटीने जेवले. तुम्हाला नको असेल तर उठा. उठलाच आहात. मला हवंय."

तिने सतरावर उशी ठेवली आणि बसली. चांगली पसरून बसली. दगडाचा गारवा मखमलीतूनही लागला.

"बुर्गी!" क्साव्हर दारातून म्हणाला. त्याला आता उचकी लागली होती. "उठ गं! संडासावर काय बसलीयेस सगळ्यांदेखत?"

"हसतोस काय, क्साव्हर? ओढा कुणीकडे वाहतो?"

क्साव्हरची उचकी थांबली.

"सहाशे वर्षं," बुर्गी म्हणाली, "आमचं सगळं तुमच्याकडे आलंय. पहाटेचं पहिलं. चोवीस जणांचं, एका वेळी."

'आमचं' म्हणाली ती. आणि 'तुमच्याकडे'. म्हणून गेली आणि मग तिलाच ते ऐकू आलं. खोलीतल्या तेवीस जणांनाही ऐकू आलं.

"तूही तिथलीच आहेस!" क्साव्हर म्हणाला. "तिथेच वाढलीस!"

"म्हणून तर सांगते. एकोणीस वर्षं खाल्लाय मी. कोबी फार छान यायचा."

 मग खोलीच्या टोकाकडून गंजलेली करवत चालावी तसा आवाज आला. क्रेस्सेन्स हसत होती. सरपंच झाल्यापासून ऑटमारने आपल्या आईला हसताना बघितलं नव्हतं आणि तो घाबरून तिला धरायला धावला. तिने त्याला काठीने बाजूला केलं.

"पहिलं बक्षीस!" ती म्हणाली. "आमच्या संन्याशांचं घेतात आणि मिरवतात आपल्या कोबीचं! उभे काय राहिलात रे, मेल्यांनो? तिला एकटीला बसवून? स्टोपेलडोर्फवाल्यांदेखत?" आणि ती तिसऱ्यावर धप्पकन बसली. मग बुर्गीकडे बघून खेकसली, "आणि तू! उशी छान शिवलीस. पुढल्या वर्षी मलाही शिव, माझी दगडासारखी झालीये."

बेकर बसला. मग बँडवाले दोघे बसले. मग बाकीचे, उशा झटकत, एकमेकांकडे न बघता, आणि मग एकमेकांकडे बघून खिंकाळत. उभ्या दगडांचा त्या दिवशी पहिल्यांदा खरा उपयोग झाला, डोकं टेकून हसायला. स्टोपेलडोर्फच्या बाकी दोघा पाहुण्यांनी हातातल्या ताटलीतला आंबवलेला कोबी हळूच खिडकीत ठेवून दिला. डॉक्टरबाई वहीत काहीतरी भराभर लिहीत होती.

ऑटमार सगळ्यात शेवटी बसला. त्याने भाषणाचा कागद बघितला, नवे तीन परिच्छेद बघितले, कान लाल झाले त्याचे, आणि त्याने कागद घडी करून कोनाड्यात ठेवला. मग लक्षात आल्यावर घाईघाईने परत काढून खिशात घातला. घसा खाकरला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक तो स्वतः. दोन. तीन. नऊला बेकर इतका हळू 'हजर' म्हणाला की पुन्हा विचारावं लागलं. पंधरा. सोळा.

गेली आठ वर्षं ऑटमार 'सतरा' म्हणायचा, कुणी बोलायचं नाही, सगळे बुटांकडे बघायचे, आणि तो अठराकडे वळायचा. सवयीने तो आताही वळायला लागला होता. तो थांबला.

"सतरा?"

 बुर्गीने मखमलीची कड मुठीत धरली.

"हजर," ती म्हणाली.

"बरं, हजर ना?" तिकडून क्रेस्सेन्स म्हणाली. "मग आता पुढचे नंबर लवकर आटपा रे. मला खरंच जायचंय."